शाळेचे छोटे कारभारी

जून महिन्यात शाळा उघडून पहिलीच्या मुलांचे रडणे थांबले, नव्या पुस्तकांना खाकी वेष्टणे चढली आणि पावसाने जरा उसंत घेतली, म्हणजे सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील अनेक प्राथमिक शाळांतून एक छोटीशी निवडणूक मोठ्या इतमामाने पार पडते. उमेदवारांचे अर्ज भरले जातात, त्यांची छाननी होते, माघारीची मुदत दिली जाते, प्रचाराला एखादा दिवस मिळतो, आणि मतदानाच्या दिवशी वरच्या वर्गातील मुले मतदान अधिकारी होऊन पहिली-दुसरीच्या मतदारांच्या इवल्या बोटांना शाई लावतात. निकालानंतर शपथविधी होतो आणि खातेवाटप जाहीर होते: मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, आहारमंत्री, क्रीडामंत्री, सांस्कृतिक मंत्री, पर्यावरणमंत्री. गावातील वडीलधारी मंडळी कौतुकाने पाहतात, छायाचित्र निघते, आणि एखाद्या वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर ते छापूनही येते.

खरा प्रश्न असतो तो दुसऱ्या दिवसापासूनचा. शपथ घेतलेल्या त्या नऊदहा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती काही कारभार येतो की नाही, आला तर तो त्यांना पेलतो की नाही, आणि पेलला तर त्यातून त्यांच्या अंगी काय बाणते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर या सगळ्या उपक्रमाचे मोल अवलंबून आहे. ज्या शाळेत मंत्रिमंडळ शपथविधीनंतर विसरले जाते आणि प्रजासत्ताक दिनाला पुन्हा आठवते, तेथे मुले एवढेच शिकतात की पद म्हणजे मिरवण्याची वस्तू. आणि हा धडा इतक्या कोवळ्या वयात गिरवला गेला तर तो पुढे पुसणे फार कठीण जाते. उलट ज्या शाळेत पदाबरोबर काम येते आणि कामाबरोबर हिशेब येतो, तेथे पाठ्यपुस्तकातील नागरिकशास्त्र वाचण्यापूर्वीच मुले नागरिक होऊ लागतात.

मुलांकडे शाळेतील जबाबदारी सोपवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. जुन्या काळच्या पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे गिरवणाऱ्या लहान मुलांवर मोठ्या मुलांची देखरेख असे, आणि पाढे व परवचा म्हणवून घेण्याचे कामही हुशार विद्यार्थ्याकडे जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख असताना त्याने तेथील देशी शाळेत वाळूवर अक्षरे गिरवणारी मुले पाहिली, तीच रीत आपल्या शाळेत आणली, आणि शिक्षक ते काम करीनात तेव्हा अवघ्या आठ वर्षांच्या एका मुलाकडे लहानांना अक्षरे शिकवण्याचे काम सोपवले. १७९७ साली त्याने या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लंडनमध्ये जोसेफ लँकास्टर याने अशीच पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात नव्या धर्तीच्या मराठी शाळा निघाल्या तेव्हा हीच पद्धत विलायतेचा शिक्का घेऊन आपल्याकडे परत आली. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले शिकवण्याची ती युक्ती होती. वर्गावर मॉनिटर नेमण्याचा शिरस्ता त्या काळात रुजला आणि तो आजतागायत टिकून आहे.

परंतु या शिरस्त्यात एक मोठा दोष प्रथमपासून होता. मॉनिटर हा शिक्षकाचा प्रतिनिधी होता, वर्गाचा नव्हे. त्याची नेमणूक वरून होई, त्याला जाब वरच्यांनीच विचारायचा, आणि त्याच्या हाती असलेला अंमल हा उसना अंमल होता. या दोषाचे आजचे स्वरूप प्रत्येकाने आपल्या लहानपणी पाहिलेले आहे. गुरुजी किंवा बाई कामानिमित्त वर्गाबाहेर जातात, मॉनिटर खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहतो, 'बोलणाऱ्यांची नावे' असा मथळा लिहितो, आणि मग एकेक नाव फळ्यावर चढू लागते. पुन्हा बोलणाऱ्याच्या नावापुढे फुली, तिसऱ्यांदा बोलणाऱ्यापुढे दुसरी फुली. जिवलग मित्राचे नाव गाळले जाते, काल खेळात भांडलेल्याचे नाव आधी येते, कुणी पेन्सिल देऊ करून आपले नाव पुसून घेतो, आणि गुरुजी परत आले की त्या यादीवर कुठलीही चौकशी न होता शिक्षा फर्मावली जाते. या प्रसंगात वर्ग शांत राहतो हे खरे. परंतु मॉनिटर पक्षपात शिकतो, बाकीची मुले खुशामत किंवा भय शिकतात, आणि चाळीस मुलांपैकी एकालाही आपली शांतता आपण राखायची असते हे उमगत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केलेली आहे. तेव्हा शिक्षेची यादी मुलाच्या हातून करवून घेण्याची ही रीत कायद्याच्या हेतूशीही विसंगत आहे. हिला नेतृत्वाचे शिक्षण म्हणता येणार नाही.

नेतृत्वाच्या शिक्षणाची खरी परंपरा शोधायची तर सातारा-सांगलीच्या भूमीतच ती सापडते. सांगली हा जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून साताऱ्यापासून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला आजचे नाव मिळाले. म्हणून, संस्थानी मुलूख सोडला तर, स्वातंत्र्यापूर्वीचा या भागाचा इतिहास हा एकाच जिल्ह्याचा इतिहास आहे. त्या इतिहासात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे कार्य शिक्षणाच्या बाबतीत अग्रगण्य ठरते. मिरज तालुक्यातील दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहून शिकावे अशा विद्यार्थी आश्रमाच्या उभारणीत त्यांचा हात होता. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले, आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

त्या वसतिगृहात चाकरनोकर नव्हते. पाणी भरणे, दळण दळणे, भाकरी भाजणे, भांडी घासणे, झाडलोट करणे, शेतात व बागेत राबणे ही सर्व कामे मुलेच करीत, आणि ज्या काळात जातीबाहेरच्या माणसाच्या हातचे पाणी पिणेही निषिद्ध मानले जाई त्या काळात निरनिराळ्या जातींची मुले एका चुलीवर शिजवून एका पंक्तीला बसत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांना आईची माया दिली आणि प्रसंगी त्यांच्या मुखी घास पडावा म्हणून स्वतःचे दागिनेही दिले. अशा घरात नेतृत्वाला वेगळा मानमरातब उरत नाही. आज ज्याच्याकडे कोठीची पाळी आहे त्याने धान्य मोजून द्यायचे आणि उरलेल्याचा हिशेब सांगायचा. उद्या तीच पाळी दुसऱ्याकडे जाणार आणि आजचा कोठीवाला उद्या भांडी घासायला बसणार. हुकूम देणे आणि हुकूम पाळणे या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या वाट्याला आळीपाळीने आल्या, म्हणजे अधिकाराचा कैफ त्याला चढत नाही आणि आज्ञापालनाची लाजही त्याला वाटत नाही. १९३५ साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय रयतने काढले आणि पुढच्या काळात खेडोपाडी पाचशेहून अधिक स्वयंसेवी प्राथमिक शाळा चालवल्या. अशा एकशिक्षकी शाळेचा डोलारा ज्यांना तुटपुंज्या साधनांवर सांभाळायचा होता, त्यांना पुस्तकी विद्येइतकाच या स्वावलंबनाचा आधार होता.

याच परिसरात विश्वासाच्या राजकारणाचा आणखी एक प्रयोग झाला, आणि त्याचा शाळेशी वरकरणी संबंध नसला तरी आपल्या विषयावर तो चांगलाच प्रकाश टाकतो. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपले अधिकार आपण होऊन प्रजेकडे सोपवले आणि ग्रामपंचायतींच्या पायावर उभी असलेली राज्यघटना अमलात आणली. प्रजा आधी लायक होऊ द्या, मग तिला अधिकार देऊ, असे म्हणणाऱ्या सत्ताधाऱ्यांचा तो काळ होता. औंधने हा क्रम उलटा केला. त्याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची मुक्त वसाहत वसवण्यात आली, जेथे शिक्षा भोगणारी माणसे भिंतीवाचून राहत आणि शेती कसत. आटपाडीच्याच परिसरातले ग. दि. माडगूळकर यांच्या लेखणीतून आणि व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनातून १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निर्माण झाला तो याच प्रयोगाच्या प्रेरणेने. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. विश्वास आधी टाकावा लागतो आणि पात्रता मागाहून येते, हे या प्रयोगाचे सार आहे. आणि जे गुन्हेगार ठरलेल्या प्रौढांच्या बाबतीत खरे ठरले ते निरागस बालकांच्या बाबतीत खोटे ठरण्याचे काही कारण नाही.

योगायोग असा की त्याच १९३९ साली अमेरिकेत एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. आयोवा येथे कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची छोटी मंडळे बनवली आणि त्यांना मुखवटे तयार करण्यासारखी कामे दिली. काही मंडळांचा प्रौढ प्रमुख सगळे निर्णय स्वतः घेई आणि नुसते हुकूम सोडी. काही मंडळांत काय करायचे आणि कसे वाटून घ्यायचे हे मुलांशी विचारविनिमय करून ठरे. आणि काही मंडळे पूर्णपणे मोकळी सोडलेली होती. प्रमुख खोलीबाहेर गेला की हुकमाने चालणाऱ्या मंडळांतले काम झपाट्याने मंदावे, तर विचारविनिमयाने चालणाऱ्या मंडळांतली मुले पूर्वीप्रमाणेच काम करीत राहत. आपल्या फळ्यावरच्या यादीची कथा याहून निराळी नाही. मोकाट सोडलेल्या मंडळांचा अनुभवही ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण त्यांचे काम तर नीट झालेच नाही, आणि मुलांना त्यात समाधानही लाभले नाही. तेव्हा मुलांवर सोपवणे याचा अर्थ शिक्षकाने अंग काढून घेणे असा कोणी घेऊ नये.

स्वित्झर्लंडमधील जाँ पियाजे यांनी याच्या काही वर्षे आधी, गोट्या खेळणाऱ्या मुलांशी जमिनीवर बसून बोलता बोलता, दुसऱ्या एका गोष्टीचा उलगडा केला होता. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात असे दिसते की लहान मुलांना खेळाचे नियम थोरांनी घालून दिलेले, म्हणून अढळ वाटतात, जरी प्रत्यक्ष खेळताना ती ते हवे तसे मोडत असतात; पुढे दहाअकरा वर्षांच्या सुमारास त्यांना उमगते की नियम हा सवंगड्यांनी आपसांत केलेला करार आहे, तो सर्वांच्या संमतीने बदलता येतो, आणि म्हणूनच तो पाळायचा असतो. हे स्थित्यंतर बरोबरीच्या मुलांशी मिळून-मिसळून वागताना घडते, वडीलधाऱ्यांच्या उपदेशाने घडत नाही. प्राथमिक शाळेतील तिसरी, चौथी, पाचवीची वर्षे म्हणजे नेमके या स्थित्यंतराचे वय. आणि म्हणूनच जबाबदारीचे शिक्षण माध्यमिक शाळेवर ढकलणे ही मोठी चूक ठरते.

आता या तत्त्वांचा प्रत्यक्ष व्यवहार पाहू. पाटण किंवा जावळी तालुक्यातील एखाद्या वाडीवरची द्विशिक्षकी शाळा घ्यावी, जेथे चार वर्ग दोन शिक्षकांमध्ये विभागलेले असतात. तेथे मुलांचा कारभार ही हौस नसून गरज असते. परिपाठाची घंटा देणे, रांगा धरणे, राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा झाल्यावर सुविचार, दिनविशेष, बातम्या आणि बोधकथा आळीपाळीने सांगणे हे सारे मुलेच करतात. एक शिक्षक चौथीला भागाकार शिकवत असता शेजारच्या बसकरपट्टीवर तिसरीचा गटप्रमुख वाचनाचा सराव घेत असतो. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधील शाळांनी गेल्या दशकात गटाने आणि कृतीतून शिकण्याची जी पद्धत रूढ केली, जी पाहण्यासाठी महाराष्ट्रभरातून शिक्षकांची रीघ लागली, आणि जिच्या पाठोपाठ २०१५ साली राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला, तिच्यातही मुलांनी मुलांकडून शिकण्याला मोठे स्थान आहे. बेलच्या मॉनिटरपेक्षा हा गटप्रमुख वेगळा, कारण त्याचे काम सवंगड्यांना सोबत नेण्याचे आहे. त्यांच्यावर पहारा ठेवण्याचे नाही.

सर्वांत कसोटीचे खाते मात्र आहारमंत्र्याचे. दुपारची सुट्टी होण्यापूर्वी त्याने किंवा तिने वर्गावर्गांतून हजेरी विचारून आकडा स्वयंपाक करणाऱ्या मावशींना सांगायचा असतो. मग मुलांना नळापाशी रांगेने सोडून हात साबणाने धुतले गेले की नाही हे पाहायचे, धाकट्यांची ताटे आधी वाढली जातील याची तजवीज करायची, आणि पंगत उठल्यावर ताटात किती भात टाकला गेला हे पाहून ठेवायचे. आता या कामात मनाचा कस कोठे लागतो पाहा. पहिलीतील एक पोर आमटी तिखट म्हणून जेवत नाही. दुसरा मुलगा दुसऱ्यांदा खिचडी मागतो आणि पातेल्यात तळाशीच काय ती उरली आहे. तिसरा आहारमंत्र्याचा चुलतभाऊ असल्याने रांग मोडून पुढे घुसतो. या तिन्ही प्रसंगी करुणा, न्याय आणि निःपक्षपात ही तीन मूल्ये, ज्यांवर मोठ्यांनी ग्रंथ लिहिले, ती एका दहा वर्षांच्या मुलीपुढे भाताच्या पातेल्याच्या रूपाने उभी ठाकतात आणि तिला तत्काळ निर्णय करावा लागतो. तिचा निर्णय चुकेलही. परंतु तो तिने स्वतः केलेला असतो, आणि संध्याकाळी त्याबद्दल तिला कोणी विचारणार असते.

हे विचारणेच फार महत्त्वाचे आहे. शनिवारी किंवा महिन्याच्या अखेरीस बालसभा भरवावी, प्रत्येक खात्याने काय केले ते सांगावे, आणि दुसरीतल्या पोरालाही उठून "पाण्याची टाकी दोन दिवस भरली नव्हती, का?" असे विचारण्याची मुभा असावी. उत्तर देणाऱ्याने कबुली द्यावी किंवा कारण सांगावे. सभेने पुढचा उपाय ठरवावा. आणि एका वहीत त्याची नोंद व्हावी. शिक्षकाने या सभेत बसावे, परंतु शेवटी बोलावे. मुलांचा निर्णय वाजवी असेल तर तो अमलात आणावा, आणि आणता येत नसेल तर कारण त्यांच्यापुढे स्पष्ट मांडावे. कारण मत विचारून घ्यायचे आणि ते बाजूला सारायचे, हा अनुभव मुलांना न विचारण्यापेक्षाही अधिक निराश करतो.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळली पाहिजेत. मुलांच्या वयाला न झेपणारे किंवा धोक्याचे काम, जसे चुलीपाशी उभे राहणे किंवा शौचालयाची सफाई, जबाबदारीच्या नावाखाली त्यांच्यावर लादू नये. झाडू मुलींच्या हाती आणि मुख्यमंत्रिपद व क्रीडाखाते मुलांच्या हाती, अशी वाटणी नकळत होत असेल तर ती जाणीवपूर्वक मोडावी; एखादे काम विशिष्ट जातीच्या मुलाकडेच वारंवार जात असेल तर तो शाळेने केलेला अन्याय समजावा. पहिला नंबर काढणाऱ्यालाच पद, हा रिवाजही सोडावा. कारण वाचनात मागे असलेला मुलगा पुष्कळदा परसबागेच्या कामात किंवा लहानांना सांभाळण्यात सर्वांच्या पुढे असतो, आणि त्या एका कामाने त्याची शाळेशी सोयरीक जुळते. जत, आटपाडी, माण, खटाव या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील ज्या मुलांचे आईबाप पोटासाठी गाव सोडतात, किंवा ऊसतोडीच्या हंगामात जी मुले परजिल्ह्यांतून या भागात येतात, त्यांच्याकरिता तर शाळेत आपली कोणी वाट पाहते आहे ही भावना लाखमोलाची ठरते. म्हणून पदे वर्षभरासाठी न ठेवता दोन-तीन महिन्यांनी बदलावीत, आणि चौथी पूर्ण करून बाहेर पडणारे एकही मूल असे नसावे की ज्याने कधी एकही जबाबदारी सांभाळली नाही.

या गोष्टींना आज कायद्याचाही आधार आहे. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी संमत केलेल्या आणि भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने, मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत ऐकले जाण्याचा हक्क मान्य केला आहे. शिक्षण हक्क कायद्यान्वये स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत महाराष्ट्राने पालकांबरोबर विद्यार्थी प्रतिनिधींनाही स्थान दिले आहे. त्यांना मताधिकार नाही. परंतु त्यांना बोलण्यासाठी जागा आहे, आणि ती जागा बालसभेत तयार झालेल्या मुलांनी भरली तरच तिला अर्थ आहे. या शाळा ज्या जिल्हा परिषदांच्या आहेत त्या जिल्हा परिषदाही अशाच विश्वासातून जन्मल्या. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावी १९१३ साली जन्मलेले आणि कराडला शिकलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण कारभार ग्रामीण जनतेच्या प्रतिनिधींकडे गेला. त्या कारभाराला सचोटीची माणसे हवी असतील तर ती घडवण्याचे पहिले ठिकाण जिल्हा परिषदेचीच प्राथमिक शाळा होय.

या प्रकरणाच्या वाचकांत जे शिक्षक असतील त्यांना म्हणून आग्रहाचे सांगणे एवढेच आहे, की येत्या जूनमध्ये निवडणूक अवश्य घ्या, परंतु शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी प्रत्येक मंत्र्याच्या हाती एक खरे काम, ते करण्यापुरता खरा अधिकार आणि हिशेबाची एक वही द्या. आणि जे पालक असतील त्यांनी संध्याकाळी घरी आलेल्या मुलाला आज किती गुण मिळाले हे विचारण्यापूर्वी, आज शाळेत तुझ्याकडे कोणते काम होते आणि ते तू कसे पार पाडलेस, हे विचारावे.